कोल्हापुरात राहून व्हेगन होण्याविषयी घरच्यांशी आणि मित्रमंडळींशी कसे बोलावे?

प्रश्न : कागलची लेक

नमस्कार. माझे माहेर कागल तालुक्यातील एका खेड्यात आहे आणि सासर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. मांस आणि अंडी मी पूर्वीच सोडली होती. काही वर्षांपासून दूध, दही, तूप आणि मधही सोडला आहे, म्हणजे मी पूर्ण व्हेगन झाले आहे. या आहारावर माझी तब्येत उत्तम आहे, त्यामुळे मला स्वतःला काय खावे हा प्रश्न आता पडत नाही.

दूध सोडण्यामागचे कारण माहेरच्या गोठ्यात आहे. म्हैस व्याली आणि रेडी झाली तर घरात आनंद होतो. रेडा झाला तर त्याच्या वाट्याला जेमतेम पान्हा सुटण्यापुरते दूध येते आणि पुढे तो फार काळ गोठ्यात दिसत नाही. हे लहानपणापासून पाहत आले आणि एका टप्प्यावर ते दूध घशाखाली उतरेनासे झाले. यात वडिलांविषयी राग मुळीच नाही. त्यांनी त्याच दुधाच्या बिलावर आम्हा भावंडांची शिक्षणे केली.

माझा प्रश्न इतरांविषयीचा आहे. मला जे पटले आहे ते जवळच्या माणसांनाही पटावे अशी मनापासून इच्छा आहे, परंतु कोल्हापुरात हा विषय काढायचा कुठून हेच कळत नाही. यजमानांचे तालमीतील मित्र रविवारी तांबडा-पांढरा रस्सा नसेल तर त्याला जेवण म्हणत नाहीत. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून दिलेले दूध पिणे हा त्यांच्या लेखी ताकदीचा विषय आहे. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, पण नैवेद्याच्या खिरीला मी हात लावत नाही याचे त्यांना वाईट वाटते. वडिलांशी तर या विषयावर बोलण्याचे धाडसच होत नाही.

कोणाला न दुखावता, पण आपले म्हणणे पातळही न करता हा विषय कसा मांडावा? ज्यांनी घरातील किंवा ओळखीतील कोणाला या आहाराकडे वळवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : राजारामपुरीची डबेवाली

ताई, मी घरगुती डबे पुरवते आणि त्यातील काही डबे पूर्णपणे व्हेगन असतात, म्हणून स्वयंपाकघराच्या बाजूने लिहिते. माझे ठाम मत असे आहे की कोल्हापूरच्या माणसाशी चर्चेने सुरुवात करू नये, ताटाने करावी, आणि त्या ताटात परक्या प्रांतातील पदार्थ ठेवू नयेत. अव्होकाडो आणि बदामाचे महागडे दूध पाहिले की समोरच्याला हा श्रीमंतांचा छंद वाटतो. आपल्याकडे मटकीची मिसळ, झुणका-भाकरी, खर्डा, अख्खा मसूर, भरली वांगी, कटाची आमटी हे सारे मुळातच दुधाविना होते. तेव्हा अर्धे काम आपल्या आज्या-पणज्यांनी आधीच करून ठेवलेले आहे.

आता रश्श्याचा प्रश्न. पांढऱ्या रश्श्याला रंग आणि दाटपणा येतो तो नारळाच्या दुधाने, खसखशीने, तिळाने आणि काजूने. जनावराकडून त्यात येते ते मटणाचे आळणी पाणी. त्या पाण्याच्या जागी मशरूम, कांदा, गाजर, लसूण, आले, दालचिनी आणि मिरी मंद आचेवर बराच वेळ उकळून गाळलेले पाणी घ्यावे आणि मशरूम आधी कोरड्या कढईत चांगले तांबूस होईपर्यंत परतावेत, कारण रश्श्याला जो खोल स्वाद लागतो तो तिथे तयार होतो. नारळाचे दूध घातल्यावर मात्र खळखळून उकळी येऊ देऊ नये, नाहीतर रस्सा फुटतो. तांबड्या रश्श्यासाठी सोयाचे वडे (सोया चंक्स) गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्यावेत, आले-लसूण-कोथिंबिरीचे वाटण आणि मीठ लावून मुरवावेत, तेलात परतावेत आणि मगच कांदा-लसूण चटणीच्या कटात सोडावेत. पिळण्यात हयगय झाली तर सोयाचा उग्र वास राहतो आणि पहिल्याच घासाला पाहुणा हातचा जातो. उन्हाळ्यात कच्चा फणस मिळतो तेव्हा तो वापरावा. त्याला मसाला अधिक चांगला धरतो. तालमीतील मंडळींना घरी बोलवा, भाकरीबरोबर हे वाढा आणि रश्श्याची वाटी दुसऱ्यांदा मागितली जाईपर्यंत जनावरांचा विषय काढू नका.

सासूबाईंसाठी मी वेगळे सुचवीन. पुरणपोळीवर आपल्याकडे गुळवणी घेण्याची चाल आहेच. कोल्हापुरी गूळ, सुंठ, वेलदोडा आणि नारळाचे घट्ट दूध घालून केलेली गुळवणी नैवेद्यालाही चालते. तांदळाची किंवा शेवयांची खीर त्याच पद्धतीने करून पाहावी. ती तुम्ही स्वतः करून देवापुढे ठेवली, म्हणजे सून प्रसाद नाकारते ही खंतच उरणार नाही, कारण प्रसाद तिनेच केलेला असेल.

दही ही सर्वांत अवघड जागा आहे, कारण ताकाशिवाय आपल्याला जेवण संपल्यासारखे वाटत नाही. शेंगदाणे रात्रभर भिजवून साले काढावीत, पाण्याबरोबर अगदी बारीक वाटून फडक्यातून गाळावेत, ते दूध सतत ढवळत चांगले गरम करून कोमट होऊ द्यावे आणि त्यात हिरव्या मिरच्यांची देठे टाकून उबदार जागी झाकून ठेवावे. पहिले विरजण जरा सैल लागते. त्यातील चमचाभर पुढच्या वेळी वापरले की दही घट्ट होत जाते. या दह्याचे जिरे, आले आणि कोथिंबीर घातलेले ताक उत्तम होते. नुसते दही मात्र शेंगदाण्याची चव सोडत नाही, हे आधीच सांगून वाढावे. चहात सोया दूध फुटते अशी तक्रार नेहमी येते. दूध वेगळे गरम करून चहा आचेवरून उतरल्यावर घातले तर सहसा फुटत नाही. गवती चहा आणि सुंठ घातलेला गुळाचा कोरा चहा तर अनेक घरांत आधीपासूनच असतो.

उत्तर : आहारशास्त्राची विद्यार्थिनी

वरील प्रतिसाद वाचून आनंद झाला. त्यात एका महत्त्वाच्या गोष्टीची भर घालते. इतरांना व्हेगन होण्यास सुचवणाऱ्या प्रत्येकाने जीवनसत्त्व बी-१२ विषयी पहिल्याच भेटीत बोलले पाहिजे. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि वनस्पतिजन्य अन्नातून ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिना, न धुतलेल्या भाज्या, आंबवलेले पीठ यांतून ते मिळते असे जे सांगितले जाते त्यावर विसंबू नये. स्पिरुलिनात आढळणारा घटक बहुतांशी शरीराला न उपयोगी पडणारा असतो. प्रौढ माणसाची दैनंदिन गरज सुमारे 2.4 मायक्रोग्रॅम इतकी अल्प आहे, परंतु ती वर्षानुवर्षे भागली नाही तर रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात आणि मज्जातंतूंची हानी कधी कधी भरूनही येत नाही. इंग्लंडमधील व्हेगन सोसायटी रोज किमान 10 मायक्रोग्रॅमची गोळी किंवा आठवड्याला 2000 मायक्रोग्रॅम असा साधा नियम सांगते. गोळी स्वस्त आहे आणि कोणत्याही औषध दुकानात मिळते. दूध पिणाऱ्या भारतीय शाकाहारी लोकांतही बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते, त्यामुळे 'तुमच्या आहारातच दोष आहे' असे कोणी म्हटले तर चिडू नये. घरातील सर्वांचीच रक्ततपासणी करून घेण्याची ती चांगली संधी समजावी.

कॅल्शियमची भीती दूध सोडणाऱ्याला सर्वांत आधी घातली जाते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. 100 ग्रॅम नाचणीत ते साधारण 350 मिलिग्रॅम असते, न सोललेल्या तिळात त्याहून कितीतरी अधिक, आणि शेवग्याचा पाला हाही चांगला स्रोत आहे. पालकात कॅल्शियम असले तरी ऑक्झॅलेट या घटकामुळे ते शरीरात फारसे शोषले जात नाही, म्हणून त्याचा हिशेब धरू नये. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी हे आपल्याकडील जुनेच जेवण आहे. मधल्या काळात गव्हाने आणि भाताने ते ताटातून मागे सारले, इतकेच. ओमेगा-३ या मेदाम्लांसाठी जवसाची चटणी रोज चमचाभर घ्यावी. मीठ आयोडीनयुक्त असावे. जेवणावर लिंबू पिळावे आणि चहा जेवणापासून तासभर तरी दूर ठेवावा, म्हणजे डाळी-कडधान्यांतील लोह अधिक लागू पडते. ड जीवनसत्त्वाच्या बऱ्याच गोळ्या मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनतात. दगडफुलासारख्या शैवाकापासून केलेल्या गोळ्याही मिळतात, त्या विचारून घ्याव्यात.

तालमीतील मित्रांचा मुद्दा प्रथिनांचा असणार. सामान्य माणसाला शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. कष्टाचा व्यायाम करणाऱ्याला साधारण त्याच्या दुप्पट धरावीत. 50 ग्रॅम कोरड्या सोया वड्यांतून सुमारे 25 ग्रॅम प्रथिने मिळतात आणि शेंगदाण्यात दर 100 ग्रॅमला जवळजवळ तितकीच असतात. हरभरे, मूग, टोफू यांची जोड दिली की खुराक पुरा होतो. मात्र कुस्तीची तयारी ऐन भरात असताना एखाद्या तरुणाने एका दिवसात आहार बदलू नये, आणि गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्या बाबतीत तर जाणकार डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय काहीही करू नये.

उत्तर : भोगावतीकाठचा शेतकरी

ताईंच्या प्रश्नात त्यांच्या वडिलांचा उल्लेख आहे, म्हणून मी लिहितो, कारण माझाही गोठा आहे. उसाचे बिल हाती यायला महिने लागतात. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते. त्यातून किराणा भरतो, मुलांची फी जाते, दवाखाना होतो. अनेक घरांत हा पैसा बाईच्या हातात येणारा एकमेव नियमित पैसा आहे. म्हशी उसाचे वाडे (शेंड्याकडचा हिरवा पाला) आणि कडबा खातात, शेणखत पुन्हा त्याच रानात जाते. परदेशातील मोठ्या डेअरीचे चित्र दाखवून 'तुम्ही पृथ्वीचा नाश करता' असे कोणी म्हटले, तर आम्ही पुढचे ऐकूनच घेत नाही.

रेड्यांविषयी ताईंनी लिहिले ते खोटे नाही. बेंदराला आम्ही बैलांना पुरणपोळी खाऊ घालतो, शिंगे रंगवतो, आणि त्याच गोठ्यातल्या नर रेडकाकडे काणाडोळा करतो, ही गोष्ट मनाला लागते. ट्रॅक्टर आल्यापासून नराला कामच उरलेले नाही. मादी वासरेच व्हावीत म्हणून निवडक वीर्यमात्रा मिळू लागल्या आहेत, पण त्याने भाकड म्हशीचा प्रश्न सुटत नाही. राज्यात 2015 पासून गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू आहे. म्हैस त्या कायद्यात येत नाही, आणि भाकड झाली की ती कुठे जाते हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते.

माझे सांगणे एवढेच आहे, की वडिलांना 'म्हशी विका' असे म्हणू नका. दूध नको असेल तर त्या जागी आमच्या रानातले काय विकत घेणार, ते सांगा. आमच्याकडे सोयाबीन आणि भुईमूग होतो, पश्चिमेकडच्या डोंगरी तालुक्यांत नाचणी होते, चंदगड-आजऱ्याकडे काजू होतो. सोयाबीन आम्ही घालतो ते तेलाच्या गिरणीला आणि त्याची पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्याला. तेच सोयाबीन माणसाच्या जेवणासाठी चांगल्या दराने कोणी घेतले, तर आमचे ऐकण्याचे कान आपोआप उघडतील.

उत्तर : रंकाळ्याजवळून

शेतकरी दादांचा प्रतिसाद या चर्चेतील सर्वांत मोलाचा वाटला. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या, 119 देशांतील सुमारे 38,700 शेतांच्या अभ्यासात असे दिसले की मांस, दूध, अंडी आणि मत्स्यपालन मिळून जगातील सुमारे 83 टक्के शेतजमीन वापरतात आणि त्या बदल्यात 18 टक्के उष्मांक व 37 टक्के प्रथिने देतात. हा आकडा महत्त्वाचा आहे, पण तो जगाचा आहे. उसाच्या वाड्यावर पोसलेल्या दोन म्हशींच्या गोठ्यात उभे राहून तो सुनावणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वडिलांशी बोलताना प्राण्याविषयीच बोलावे, कारण त्या विषयातले त्यांना तुमच्यापेक्षा अधिक कळते, आणि बहुधा अधिक टोचतेही. त्यांना प्रश्न विचारावा आणि उत्तर ऐकावे. भाकड झालेल्या म्हशीला निरोप देताना त्यांना काय वाटले होते, हे आजवर कोणी त्यांना विचारले असेल असे मला वाटत नाही.

शहरातील माणसाशी मात्र अधिक स्पष्ट बोलायला हरकत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा उदरनिर्वाह दुधावर नाही. चहातले, मिठाईतले, पावाला लावलेल्या लोण्यातले दूध ही केवळ सवय आहे. 1944 साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये व्हेगन सोसायटी सुरू केली, आणि त्या संस्थेच्या आजच्या व्याख्येतही 'जितके शक्य आणि व्यवहार्य असेल तितके' ही अट आहे. ती मित्रांना आवर्जून सांगावी, कारण पुष्कळ लोक 'सगळे जमणार नाही' म्हणून काहीच करत नाहीत. कोल्हापुरी चप्पल चामड्याची आहे म्हणून आधीच पायात असलेली टाकून देण्याने कोणत्याही जनावराचा लाभ होत नाही. ती झिजेपर्यंत वापरावी आणि पुढची घेताना विचार करावा. तसेच, पाकिटावरील हिरवा ठिपका फक्त शाकाहार सांगतो, त्यात दूध पावडर असू शकते. 2022 पासून व्हेगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम झाले असून हिरव्या 'व्ही' अक्षराचे वेगळे चिन्ह आहे, ते पाहावे.

वेळ निवडण्याविषयी एक सुचवतो. एरवी मटणावाचून न राहणारी कितीतरी घरे श्रावण कसोशीने पाळतात, म्हणजे महिनाभर एखादी गोष्ट सोडण्याची शिस्त आपल्या अंगवळणी पडलेली आहे. तालमीतील मित्रांना 'कायमचे सोडा' असे सांगण्यापेक्षा 'या श्रावणात चहा कोरा घेऊन पाहू या' असे सांगितले तर ते मान्य होण्याची शक्यता खूपच अधिक असते. मी राहतो त्या इमारतीत दोन कुटुंबे अशीच वळली आणि श्रावणानंतरही त्यांनी दूध पुन्हा सुरू केले नाही.

कागलची लेक

सर्वांचे मनापासून आभार. शेतकरी दादा, पुढच्या खेपेला गावी गेले की वडिलांकडूनच भुईमूग विकत घेईन आणि त्याचे दही त्यांच्यापुढे ठेवीन. बोलणे तिथून सुरू होईल असे वाटते. एक शंका राहिली आहे. सासूबाई मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात आणि आता त्या स्वतःहून दूध कमी करायला तयार आहेत. त्यांना तसे करू द्यावे का?

उत्तर : आहारशास्त्राची विद्यार्थिनी

ताई, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ चे शोषण कमी होऊ शकते, म्हणून त्यांच्या दुधाला हात लावण्याआधी बी-१२ ची पातळी तपासून घ्यावी आणि गोळीची मात्रा त्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. ही तपासणी त्यांनी दूध चालू ठेवले असते तरी आवश्यकच होती. त्यानंतर सुरुवात चहापासून करावी. दुकानातील ओट दुधात साखर घातलेली असू शकते, तेव्हा पाकिटावरील मजकूर वाचून बिनसाखरेचे सोया दूध घ्यावे. गुळाचा चहा आणि गुळवणी त्यांच्यासाठी नको. गुळाने रक्तातील साखर साखरेइतकीच वाढते. आहार बदलल्यावर पहिले काही आठवडे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर नियमित मोजून वहीत लिहावी आणि ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावी, कारण डाळी-कडधान्ये वाढून भात कमी झाला तर औषधाची मात्राही बदलावी लागू शकते.